अपघातानंतर विजेची गाडी कुठे न्यायची आणि पैसे कोण भरणार
(म्हैसूर येथे मराठी खातेदारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी व्याजदरांवर बोलणार नाही. चालू असलेली आवर्ती ठेव मध्येच का मोडावी लागते, त्याच्या एका नव्या कारणावर बोलणार आहे. लग्न, दवाखाना, मुलांची फी ही कारणं आपल्या ओळखीची आहेत आणि त्यांची थोडीफार तरतूद आपण करतो. गाडीच्या अपघाताची तरतूद म्हणजे विमा. तो एकदा काढला की आपण निर्धास्त होतो. पेट्रोलच्या गाडीपुरतं ते बरंचसं चालून जात होतं. विजेच्या गाडीला मात्र विमा असूनही लाख-दोन लाख स्वतःच्या खिशातून जाऊ शकतात. ते कसे जातील, हे पॉलिसीच्या कागदात आधीच छापलेलं असतं. आपण तो कागद वाचत नाही, एवढंच.

कर्नाटकात विजेच्या गाड्या काही काल आल्या नाहीत. ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार २००१ साली बंगळूरहूनच निघाली. विजेच्या वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करणारं कर्नाटक हे देशातलं पहिलं राज्य, तेही २०१७ साली. आता कुवेंपुनगर असो की सरस्वतीपुरम, चार घरांमागे एक विजेची स्कूटर उभी दिसते. इंधनाचा हिशेब लोकांनी चोख केला आहे. महिन्याला किती वाचतात ते विचारा, पटकन आकडा सांगतात. पण धडक बसली तर काय, हे विचारलं की उत्तर येतं, ‘विमा आहे ना!’

तेव्हा विम्यापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे मोटार विम्याची जी पद्धत रूढ आहे, तिचा पाया २००२ सालचं मोटार दरपत्रक आहे. अपघातात बदललेल्या भागाची पूर्ण किंमत विमा कंपनी देत नाही. घसारा वजा करते. पत्र्याच्या भागावरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे असतो. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, असा तो वाढत जातो. काचेवर घसारा नाही. फायबरवर ३० टक्के. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, एअरबॅग आणि बॅटरी यांवर मात्र गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के.

बॅटरी हा शब्द इथे नीट ऐका. दरपत्रक लिहिलं गेलं तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखाली बसवलेली, काही हजार रुपयांची बॅटरी. तिच्यावर निम्मी वजावट झाली तरी कोणाचं घर मोडत नव्हतं. आज विजेच्या गाडीत बॅटरी हाच सर्वांत महाग भाग आहे, आणि शब्द तोच राहिला आहे.

हिशेब करून बघू. समजा तुमची मोटार दीड वर्षाची आहे आणि समोरून धडक बसली. आकडे मी सोयीसाठी घेतो आहे. बंपर १२,००० रुपये, हेडलाइट १८,०००, बॉनेटचा पत्रा १५,०००, पुढची काच १०,०००, रंगकाम २०,००० आणि मजुरी १५,०००. बेरीज ९०,०००. बंपर आणि दिवे प्लास्टिकचे, म्हणून ६,००० आणि ९,००० कापले. बॉनेटवर १० टक्के, म्हणजे १,५००. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. ते झाले २,५००. एकूण वजावट १९,०००. वर सक्तीची स्वतःची रक्कम असते, ती किमान १,००० धरू. म्हणजे ९०,००० च्या बिलात तुमचे २०,०००. हे सोसण्यासारखं आहे.

आता त्याच धडकेत गाडीखालची बॅटरीची पेटी चेपली आणि बॅटरी बदलावी लागली असं समजा. तिची किंमत ५ लाख धरली आणि ५० टक्क्यांचं कलम जसंच्या तसं लावलं, तर तुमचे अडीच लाख गेले. महिना ५,००० रुपयांची आवर्ती ठेव असेल तर हे ५० हप्ते झाले. चार वर्षांपेक्षा जास्त काळाची बचत, एका दुपारी.

यावर उपाय आहे आणि तो पॉलिसी घेतानाच करायचा असतो. ‘शून्य घसारा’ नावाचं जोडकलम मिळतं. ते घेतलं की प्लास्टिक आणि पत्र्यावरची कपात टळते. पण काही पॉलिसींत त्याच कलमातून टायर आणि बॅटरी वगळलेल्या असतात, म्हणून नुसतं नाव वाचून समाधान मानू नका. विजेच्या गाड्यांसाठी बॅटरीचं वेगळं जोडकलम बऱ्याच कंपन्या देतात. एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘अपघातात गाडी चालवणारी मोठी बॅटरी बदलावी लागली, तर माझ्या या पॉलिसीत किती टक्के मिळतील?’ उत्तर ईमेलने किंवा पत्राने घ्या. तोंडी ‘सगळं कव्हर आहे सर’ याला दाव्याच्या दिवशी काही किंमत नसते. आणखी एक लहान जोडकलम कूलंट, ग्रीस, नट-बोल्ट अशा खर्ची पडणाऱ्या वस्तूंचं असतं. बॅटरी थंड ठेवणारं कूलंट पूर्ण बदलावं लागलं तर तेही उपयोगी पडतं.

विजेच्या गाड्यांच्या तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सवलत मिळते. ते वाचलेले पैसे या जोडकलमांकडे वळवा, एवढीच माझी सूचना. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, पण त्यातून समोरच्याचं नुकसान भरून मिळतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. नव्या स्कूटरबरोबर तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा असतो आणि स्वतःच्या नुकसानीचा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा. दुसऱ्या वर्षी लोकांना वाटतं की विमा अजून चालू आहे. पॉलिसीवर दोन तारखा असतात. घरी गेल्यावर दोन्ही बघा.

आता दुरुस्ती कुठे करायची ते पाहू. गावाकडे आपण ज्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतो, त्याला इथे टिंकरिंग म्हणतात. म्हैसुरात उत्तम टिंकरिंग करणारे हात आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत आणि कंपनीच्या बॉडीशॉपपेक्षा स्वस्तही आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही विजेच्या गाडीला जोराची धडक बसली असेल तर गाडी उत्पादक कंपनीने अधिकृत केलेल्या बॉडीशॉपमध्येच न्या, असंच मी सांगेन. कारण हाताच्या कौशल्याचं नाही, विजेचं आहे.

विजेच्या मोटारीत साधारण ३०० ते ४०० व्होल्टचा दाब असतो, काही गाड्यांत त्याहून जास्त. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की ती उच्च दाबाची वाहिनी समजायची. गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी बॅटरीत वीज असतेच. वेल्डिंग करण्याआधी हा भाग ठरलेल्या क्रमाने तोडून वेगळा करावा लागतो आणि मीटर लावून तो खरंच तुटला का हे तपासावं लागतं. रंग वाळवण्याच्या भट्टीत गाडी बरीच तापते. बॅटरीला किती उष्णता किती वेळ चालते, हे त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेलं असतं. काम संपल्यावर विजेची गळती नाही ना, यासाठी इन्सुलेशनची चाचणी घ्यावी लागते. पुस्तिका, यंत्र आणि शिकलेला माणूस, तिन्ही लागतात. अधिकृत बॉडीशॉपला कंपनीकडून हे मिळतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजला बहुधा मिळत नाही, आणि त्यात त्या गॅरेजवाल्याचा दोष नाही.

पण ‘अधिकृत’ या पाटीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एकाच कंपनीच्या पेट्रोल आणि विजेच्या दोन्ही गाड्या असतात. शोरूमला जोडलेलं सर्व्हिस सेंटर असतं, पण तिथे धडकलेल्या विजेच्या गाडीचं काम होतंच असं नाही. अपघाताची वाट न बघता पुढच्या सर्व्हिसिंगला गेलात की विचारून ठेवा. बॅटरी इथेच उतरवता का, की गाडी बंगळूरला पाठवावी लागेल? पाठवायची झाली तर वाहतुकीचा खर्च कोणाचा? माझ्या विमा कंपनीची रोकडरहित सोय इथे आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. उत्पादकाने अधिकृत करणं वेगळं आणि विमा कंपनीच्या जाळ्यात असणं वेगळं. दोन्ही नसेल तर आधी पूर्ण बिल तुम्हाला भरावं लागतं आणि परतावा नंतर येतो. लहान खातेदाराला नेमकं तेच जड जातं.

वॉरंटीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. ‘बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे, मग काळजी कशाची?’ वॉरंटी असते ती मूळ दोषासाठी. धडकेत फुटलेली बॅटरी वॉरंटीत येत नाही, ती विम्यात येते. आणि आपोआप क्षमता कमी झालेली बॅटरी विम्यात येत नाही, ती वॉरंटीत, तीही कंपनीच्या अटींप्रमाणे. दोन कागद आणि दोन वेगळे दरवाजे.

मग बाहेर दुरुस्ती केली तर अख्खी वॉरंटी जाते का? याबाबत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली. त्या आदेशात असंही सांगितलं होतं की केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. म्हणून दरवाजावर ओरखडा आला, मागचा बंपर घासला, तर ते काम ओळखीच्या टिंकरिंगवाल्याकडे करायला मी हरकत घेणार नाही. मात्र धक्का गाडीच्या तळाला लागला असेल, एअरबॅग उघडली असेल, समोरच्या काचेमागचा कॅमेरा हलला असेल किंवा नारिंगी केबल कुठेही उघडी दिसत असेल, तर ते काम अधिकृत ठिकाणीच. उद्या बॅटरी बिघडली तर ‘बाहेरच्या कामामुळे बिघडली’ आणि ‘तशी बिघडली नाही’ असा वाद सुरू होतो, आणि तो वाद लढवायची ताकद आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

लहान कामासाठी दावा करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशेबही करा. दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की ही सूट शून्यावर येते. तुमचा तो हप्ता १२,००० असेल आणि ३५ टक्के सूट मिळणार असेल, तर ४,२०० रुपये पणाला लागतात, आणि पुन्हा त्या पायरीवर चढायला वर्षं लागतात ती वेगळीच. ५,००० च्या ओरखड्यासाठी दावा करणं म्हणजे शेळी राखायला बैल विकण्यासारखं आहे.

अपघाताच्या दिवशी काय करायचं, तेही सांगतो. आधी माणसं बाहेर काढा आणि गाडीपासून लांब उभे राहा. कोणी जखमी असेल तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. म्हैसूर-बंगळूर द्रुतगती मार्ग २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाला, तेव्हापासून आपल्यापैकी बरेच जण महिन्यातून एक-दोनदा तरी त्यावरून जातात. तिथे मंड्याच्या आसपास गाडी बंद पडली तर ती म्हैसूरला आणायची की बंगळूरला न्यायची, हे रस्त्याच्या कडेला उभं राहून ठरत नाही. रस्त्यावरच्या मदतीच्या कलमात किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढून नेतात ते आधी बघून ठेवा. (दुचाकीवाल्यांनी १ ऑगस्ट २०२३ पासून त्या मुख्य मार्गावर जायचंच नाही, सर्व्हिस रोड वापरायचा. तरीही काही जण जातातच.)

ओढून नेणाऱ्याला ‘विजेची गाडी आहे, चारी चाकं वर घेणारी सपाट गाडी आण’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर मोटर उलट वीज तयार करते आणि चांगला असलेला भागही बिघडतो. धडक तळाला लागली असेल तर गाडी घराच्या पार्किंगमध्ये आणून ठेवू नका. दुखावलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. उघड्यावर, इतर गाड्या आणि भिंतींपासून साधारण १५ मीटर लांब ठेवा. आणि ‘चालू होते का बघू’ म्हणून चार्जरला तर मुळीच लावू नका.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडी हलवण्याआधी चारी बाजूंचे आणि तळाचे फोटो घ्या. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. ५०,००० किंवा त्याहून मोठ्या मोटार दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या. बॉडीशॉपमध्ये गाडी खोलल्यावर आतलं आणखी नुकसान सापडतं. असं झालं की काम थांबवून पुरवणी अंदाजपत्रक सर्व्हेअरकडे जायला हवं. ते न पाठवता काम पूर्ण केलं तर त्या रकमेवरून नंतर ओढाताण होते आणि बॉडीशॉप बिलासाठी तुमच्याकडेच बघतं. गाडी ताब्यात घेताना भागांच्या क्रमांकांसह बिल, संगणकावरच्या तपासणीचा दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा छापील कागद, इन्सुलेशन चाचणीची नोंद आणि बॅटरीच्या क्षमतेचा अहवाल मागा. त्यांना ते काढायला काही मिनिटं लागतात, आणि मागितल्याशिवाय देत नाहीत.

नुकसान फार मोठं असेल तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला तर गाडी पूर्ण नुकसान झाली असं धरतात. समजा आयडीव्ही ९ लाख आहे. तिचे ७५ टक्के पावणेसात लाख. बॅटरी ५ लाख आणि बाकीचं काम २ लाख, झाले ७ लाख, म्हणजे गाडी भंगारात. पेट्रोलच्या गाडीत एवढा पत्रा चेपला तरी ती दुरुस्त होऊन परत आली असती. पूर्ण नुकसानीत जी रक्कम येते ती आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे जाते. कर्ज ९ लाखांच्या वर शिल्लक असेल तर गाडीही गेली आणि हप्ते मात्र चालू. म्हणून हप्ता थोडा कमी व्हावा यासाठी आयडीव्ही खाली आणायला सांगू नका. कर्ज मोठं असेल तर पहिली काही वर्षं ‘बिलाइतकी भरपाई’ देणारं जोडकलम घ्या. बॅटरी भाड्याच्या योजनेत घेतली असेल तर तिचा विमा कोणी काढायचा, हे करारात शोधा. ती तुमच्या मालकीची नाही, पण फुटली तर मागणी तुमच्याकडेच येऊ शकते.

ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॅटच्या आतल्या स्कूटरला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, सक्तीचा विमाही नाही. बरेच निवृत्त लोक ती घेतात आणि बाजारात जायला ती छानच आहे. पण विमाच नसल्यामुळे धडकेचा सगळा खर्च तुमचा. त्यासाठी बॅटरीच्या किमतीएवढी रक्कम बचत खात्यात बाजूला असू द्या.

दावा नाकारला किंवा विनाकारण कापला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. कर्नाटकासाठी त्यांचं कार्यालय बंगळूरला आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश ते देऊ शकतात. मुदत मात्र एक वर्षाची आहे. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५.

जाता जाता, जुनी विजेची गाडी घेणाऱ्यांसाठी. विकणाऱ्याकडे मागच्या दाव्यांची माहिती आणि बॉडीशॉपची बिलं मागा. रंग नवा आणि बिल नाही, असं असेल तर अधिकृत ठिकाणी तळ आणि बॅटरी तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर झाली की स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी तुमच्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.